रेशमाच्या धाग्यामागे: नानशुन हे कालव्याकाठचं जुनं व्यापारी गाव कसं पाहावं

नानशुनला पहिल्यांदा गेले तेव्हा मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी मोठे वाडे पाहिले, मग बागा, शेवटी पूल. दुपारपर्यंत डोळ्यांना कोरीव लाकूड आणि दगडी नक्षी पुरे झाली, आणि परतताना एवढंच डोक्यात राहिलं की इथे पूर्वी श्रीमंत लोक राहायचे. ही श्रीमंती कुठून आली, ते त्या दिवशी मला कळलंच नाही. दुसऱ्या खेपेला मी तुतीच्या झाडापासून निघाले. तुती, अळी, कोष, धागा, बाजार आणि वाडा या क्रमाने गेले आणि गाव उलगडत गेलं. तुम्हीही याच क्रमाने जा, म्हणून हा लेख.

नानशुन चीनच्या झेजियांग प्रांतात हुझोऊ शहराच्या हद्दीत येतं. थाय सरोवराच्या दक्षिणेला, शांघायपासून पश्चिमेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. सन 1252 मध्ये, दक्षिण सुंग राजवटीत, त्याला बाजारगावाचा दर्जा मिळाला. नानलिन आणि शुनशी या दोन जुन्या वस्त्यांच्या नावांतून एकेक अक्षर घेऊन ‘नानशुन’ झालं. गावातून दी थांग नावाचा कालवा जातो. तो पश्चिमेला हुझोऊपासून निघून पूर्वेला पिंगवांगला चीनच्या उत्तर-दक्षिण जाणाऱ्या प्राचीन महाकालव्याला मिळतो. 2014 मध्ये चीनच्या महाकालव्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात हा नानशुनचा भागही आहे. शांघायच्या आसपास जलगावं पुष्कळ आहेत आणि काही याहून देखणीही असतील. पण एका मालाने गाव कसं घडवलं हे जितकं स्वच्छ इथे दिसतं, तितकं मला इतर कुठे दिसलं नाही.

निघण्यापूर्वी

आधी महिना ठरवा. रेशमासाठी जायचं असेल तर एप्रिलअखेर ते मेअखेर. वसंतातल्या अळ्या तेव्हा वाढत असतात आणि नवे कोष निघतात. 4-5 एप्रिलच्या छिंगमिंग सणाला याच तालुक्यातल्या हानशान टेकडीवर रेशीम-देवीची जत्रा भरते. बायका केसांत रंगीत कागदी फुलं माळतात, त्यांना ‘रेशीमफुलं’ म्हणतात. 2009 मध्ये युनेस्कोने चीनच्या रेशीमपरंपरेची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली, त्यात ही जत्राही आहे. जूनच्या मध्यापासून जवळजवळ महिनाभर इथे ‘आलुबुखाराचा पाऊस’ लागतो, म्हणजे ती फळं पिकण्याच्या दिवसांतली सततची रिपरिप. कोकणातल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही, पण वाड्यांच्या अंधाऱ्या खोल्या तेव्हा आणखी अंधाऱ्या होतात. कमळं पाहायची तर जुलै-ऑगस्ट, मात्र उकाडा सोसायची तयारी ठेवा. 1 मेची सुट्टी आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळाच. त्या दिवसांत पुलावर उभं राहायला जागा मिळत नाही.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी व्हिसा आधीच काढावा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना तिसऱ्या देशात जाताना वाटेत थांबण्यासाठी 240 तासांची व्हिसामुक्त सवलत मिळू शकते. शांघाय आणि झेजियांग दोन्ही तिच्यात येतात. भारतीय पासपोर्टला ती लागू नाही. हे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

फोनवर अलीपे किंवा वीचॅट घरूनच चालू करा आणि त्याला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवा. रस्त्यावरचा केकवालाही क्यूआर कोडच पुढे करतो. थोडी रोकड जवळ असू द्या. गूगलचे नकाशे तिथे भरवशाचे नाहीत, गाओद हे चिनी नकाशा-अ‍ॅप घ्या. गावाचं, स्टेशनचं आणि हॉटेलचं नाव चिनी लिपीत फोनमध्ये साठवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला तेच कामी येतं. पासपोर्ट कायम जवळ हवा, कारण रेल्वेचं तिकीट आणि बऱ्याच ठिकाणचा प्रवेश त्याच्याच नंबरावर चालतो.

शांघायच्या होंगछ्याओ स्थानकातून हुझोऊकडे जाणारी नवी वेगवान रेल्वे डिसेंबर 2024 मध्ये सुरू झाली. तिच्यावर ‘हुझोऊ नानशुन’ हे स्वतंत्र स्थानक आहे. साधारण तासाभराचा प्रवास. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेवढं वेळापत्रकात पाहून घ्या. शक्य असेल तर एक रात्र मुक्काम करा. छोट्या लॉजवजा घरात राहणार असाल तर ‘परदेशी पाहुण्यांची नोंद करता का’ हे आधी विचारा. पाहुण्याची नोंद 24 तासांत पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेलं ते स्वतः करतात, लहान घरांना कधीकधी जमत नाही.

पहिली पायरी: तुतीचा बांध

पहिला अर्धा दिवस गावाबाहेर काढा. टॅक्सी करून दीगांग गावी जा, तिथे तुतीचे बांध आणि माशांची तळी पाहायला मिळतील. ही मुळात पाणथळ जमीन. लोकांनी खड्डे खणून तळी केली, निघालेल्या मातीचे बांध घातले आणि बांधांवर तुती लावली. तुतीचा पाला अळ्यांना, अळ्यांची विष्ठा माशांना, आणि तळ्याच्या तळाशी साचलेला गाळ हिवाळ्यात उपसून पुन्हा तुतीच्या बुडाशी. काहीच वाया जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2017 मध्ये या पद्धतीला जागतिक शेती-वारसा म्हणून मान्यता दिली. बांधावर उभं राहून दोन्ही बाजूंचं पाणी पाहिलं की कळतं, इथे भाताखेरीज दुसरं काही पिकवायचं तर बांधच लागतो, आणि बांधाची माती मुळांनी धरून ठेवायला तुतीसारखं झाड नाही.

आपल्याकडे जालना, बीड भागात ज्यांनी तुती लावली आहे, त्यांना इथे बरंच ओळखीचं वाटेल. आपण अळ्या कोष विणायला चंद्रिकेवर, म्हणजे बांबूच्या गोल चौकटीवर, सोडतो. इथे जुन्या पद्धतीत भाताच्या पेंढ्याच्या जुड्या उभ्या करतात, आणि अळ्या त्यावर चढल्या की ‘डोंगर चढल्या’ म्हणतात. अळीला ‘त्सान बाओबाओ’, म्हणजे रेशीमबाळ, असं लाडाचं नाव आहे. पूर्वी अळ्यांच्या महिन्यात घरोघरी दारं बंद असत, पाहुण्यारावळ्यांचं येणं-जाणं थांबे. बाहेरचा माणूस रोग घेऊन आला तर वर्षाची कमाई जाई, तेव्हा या शिवाशिवीला अर्थ होता.

या मातीत रेशीम किती जुनं आहे? हुझोऊजवळच्या छ्येनशानयांग इथल्या उत्खननात चार हजार वर्षांहून जुन्या रेशमी कापडाचे तुकडे सापडले आहेत.

दुसरी पायरी: धागा डोळ्यांनी पाहा

नानशुनपासून सात ली, म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटरवर, जीली नावाचं गाव आहे. इथल्या कच्च्या रेशमाने नानशुनला मोठं केलं. मिंग राजवटीपासून (चौदावं ते सतरावं शतक) त्याचा लौकिक होता, त्यानंतरच्या छिंग घराण्याच्या बादशहांच्या वस्त्रांसाठीही ते जाई. युरोपच्या बाजारात त्याला ‘त्सॅटली’ म्हणत, ते जीलीचंच अपभ्रंश झालेलं रूप. जुने लोक सांगतात, जीलीच्या एका धाग्यावर तांब्याची आठ नाणी टांगली तरी तो तुटत नसे.

गावात किंवा नानशुनच्या रेशीम संग्रहालयात धागा काढण्याचं प्रात्यक्षिक असेल तर तिथून घाईने उठू नका. कोष कढत पाण्यात सोडतात. पाण्याने कोषावरचा डिंक सैल होतो. बाई एका छोट्या कुंच्याने कोषांवरून हळूच फिरवते, आणि कुंच्याला बारीक तंतू चिकटून वर येतात. ते उजेडाकडे धरले तरच दिसतात. अशा कित्येक कोषांचे तंतू एकत्र करून एका छिद्रातून ओवतात आणि वर रहाटावर घेतात. एका कोषात साधारण हजार मीटर तंतू असतो, आणि तो सलग असतो. रहाट फिरत असतो, कोष पाण्यात नाचत राहतात आणि हळूहळू पातळ होत जातात. शेवटी आतला काळसर कोशित, म्हणजे अळीचं पुढचं रूप, दिसू लागतो. एक कोष संपला की त्याच क्षणी दुसऱ्याचं टोक जोडावं लागतं, नाहीतर धाग्याची जाडी बदलते. जीलीच्या बायकांचं कसब यातच होतं. शिवाय तिथलं पाणी स्वच्छ आणि पायाने चालवायच्या रहाटावर एकाच वेळी तीन धागे. धाग्याचे आठ गुण सांगतात: बारीक, गोल, एकसारखा, मजबूत, पांढरा, निर्मळ, मऊ आणि चिवट. तिथे ठेवलेली लडी हातात घेऊ देत असतील तर जरूर घ्या. पिळलेली लडी दाबली की करकरते, ताज्या मेथीच्या जुडीसारखी.

तिसरी पायरी: पूल आणि बाजार

आता गावात या. थोंगजिन पुलावर चढा. उंच कमानीचा दगडी पूल आहे. खालून शिडाच्या होड्या जायच्या म्हणून कमान इतकी उंच. जवळच दुसरा होंगजी पूल दिसतो, तिसरा ग्वांगह्वे पूल थोडा पुढे आहे. थोंगजिनच्या आसपास रेशमाचा बाजार भरे. काठावरच्या एका गल्लीचं नावच ‘रेशीमपेढ्यांचा घाट’ आहे. खेड्यातल्या बायका पहाटे होडीतून लड्या आणत. छोटा दलाल त्या विकत घेई, त्याच्याकडून मोठा पेढीवाला. गासड्या बांधून माल कालव्याने पूर्वेकडे निघे.

पुलावरून पूर्वेकडे पाहा आणि दोन साल लक्षात ठेवा. 1842 साली, ब्रिटन आणि चीनमधल्या पहिल्या अफूयुद्धानंतर, नानकिंगचा तह झाला. त्यानुसार 1843 मध्ये शांघाय परदेशी व्यापाराला खुलं झालं. तोवर निर्यातीचं रेशीम डोंगर-नद्या ओलांडून पार दक्षिणेला कँटनपर्यंत न्यावं लागे. आता बंदर कालव्याच्या टोकाशी आलं. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात शांघायमधले व्यापारी श्यू रोंगत्सुन यांनी हुझोऊ-रेशमाच्या 12 गासड्या पाठवल्या आणि पदक मिळवलं. नानशुनचे तरुण इंग्रजी शिकून शांघायमध्ये ‘रेशीम-दुभाषे’ झाले, मग स्वतःच पेढ्या काढून बसले.

इथे मला नेहमी मुंबई आठवते. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात होती. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांची संपत्ती त्या अफू-कापसाच्या व्यापारातून उभी राहिली, आणि त्यांच्या देणगीतून भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय. त्याच व्यापाराच्या युद्धाने जे बंदर उघडलं, त्यातून नानशुनचे वाडे उभे राहिले. हे वाडे पाहताना ती दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक असावी, कारण ती आपल्या गावची आहे.

पुलाशेजारीच न्याहारी करून घ्या. इथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ‘श्वांग ज्याओ म्येन’: नूडल्सच्या वाडग्यावर एक तुकडा लालसर शिजवलेल्या डुकराच्या मांसाचा आणि एक तळलेल्या माशाचा. शाकाहारी असाल तर ‘वो छ सू’ (मी शाकाहारी आहे) म्हणा आणि ‘सू म्येन’ मागा. तरी रस्सा मांसाचा असू शकतो, विचारून घ्या. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गुलाबी केक दिसतील, ‘दिंगशंग गाओ’. आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण असतं, आपल्या पुरणाच्या जवळचं. काही ठिकाणी त्यात डुकराची चरबी घालतात. ‘बू याओ झू-योउ’ म्हटलं की समजतं.

चौथी पायरी: वाडे, पण मागच्या दारापर्यंत

गावातल्या श्रीमंतांची लोकांनी जनावरांवरून प्रतवारी लावली होती: चार हत्ती, आठ बैल, बहात्तर सोनेरी कुत्रे. ज्याची चांदी जास्त, त्याचं जनावर मोठं. ल्यू, झांग, पांग आणि गू ही चार हत्ती घराणी. सगळे वाडे एका दिवसात पाहायचा हट्ट धरू नका, पुढचे तीन-चार पुरेत. प्रवेशाचे आणि नोंदणीचे नियम बदलतात, त्या आठवड्यातली माहिती हॉटेलवाल्याकडून घ्या.

झांग शिमिंग यांचा वाडा 1899 ते 1906 मध्ये बांधला. 244 खोल्या. समोरून आत शिरलात की सगळं चिनी: पालखीचा कक्ष, मुख्य दालन, अंगणं, विटांतलं कोरीवकाम. पहिल्या खेपेला मी इथूनच मागे फिरले होते. तसं करू नका. आतल्या स्त्रियांच्या दालनाशी या आणि खिडक्यांपाशी थांबा. फ्रान्सहून आणलेल्या निळ्या काचा आहेत, त्यांवर कोरलेली नक्षी. ऊन असेल तर फरशीवर निळसर उजेड पडतो. तिथून आणखी मागे जा. अचानक लाल विटांची युरोपीय इमारत समोर येते, युरोपीय धाटणीचे खांब, आयात केलेल्या रंगीत फरश्या आणि नाचाचं दालन. पुढच्या अंगणात पितरांचे संस्कार आणि मागे वॉल्ट्झ! रस्त्यावरून यातलं काहीही दिसत नाही. गावाला आपण जुनेच आहोत असं दाखवायचं आणि नव्या जगाची हौस उंच भिंतीमागे पुरवायची, असा तो बेत मला वाटतो. ल्यू घराण्याच्या तिसऱ्या मुलाच्या वाड्यातही मागे असाच लाल विटांचा दर्शनी भाग आहे. लोक त्याला ‘लाल घर’च म्हणतात.

झांग घराण्यातल्याच झांग जिंगज्यांग यांचं घर वेगळ्या कारणासाठी पाहा. ते 1902 मध्ये पॅरिसला गेले, तिथे चहा, रेशीम आणि पुराणवस्तूंचा व्यापार केला, आणि त्या पैशातून चीनमधली बादशाही उलथवायला निघालेल्या सन यत्-सेन यांच्या क्रांतीला मदत केली. त्यांची एक गोष्ट सांगतात. जहाजावर दोघांची भेट झाली तेव्हा त्यांनी सांकेतिक तारेची सोय ठरवून दिली: ‘ए’ म्हणजे दहा हजार, ‘बी’ म्हणजे वीस, ‘सी’ म्हणजे तीस. पुढे सन यांनी काहीशा अविश्वासानेच ‘सी’ अशी तार केली, आणि तीस हजार खरंच आले.

यानंतर श्याओ ल्येन झ्वांग, म्हणजे ‘छोटी कमळवाडी’. ल्यू युंग यांनी 1885 मध्ये ही बाग सुरू केली, पूर्ण व्हायला 1924 उजाडलं. मधोमध कमळाचं तळं. बाजूला घराण्याच्या कुलमंदिरापुढे दोन दगडी कमानी: एक दानधर्मासाठी, दुसरी वैधव्यातल्या निष्ठेसाठी. मला सगळ्यांत आवडतं ते एक लहानसं कवितेचं दालन. आत गेलात की मान वर करा. छताचा एक भाग ‘शंग’ या धान्याच्या मापासारखा केला आहे, दुसरा ‘दौ’ या मापासारखा. दहा शंगांचा एक दौ होतो. आपल्याकडे शेर आणि पायली असावेत तसे. कविता वाचायला जमलेल्या मंडळींच्या डोक्यावर धान्याची मापं!

शेजारीच, ओढ्यापलीकडे, ज्याये थांग ग्रंथालय. घाई असेल तर बाकी काही वगळा, हे वगळू नका. ल्यू युंग यांचे नातू ल्यू चंगगान यांनी 1920 ते 1924 मध्ये ते बांधलं. आगीच्या भीतीने भोवती पाणी ठेवलं आहे. मधलं प्रशस्त अंगण पुस्तकं उन्हात घालण्यासाठी आहे. दमट हवेत कसर लागू नये म्हणून, आपण पापड-कुरडया वाळवाव्यात तशी पुस्तकं वाळवत. चौकाभोवती दुमजली कपाटखोल्या. ल्यू चंगगान नुसते पुस्तकं जमवत नव्हते. लाकडी ठसे कोरून घेऊन दुर्मिळ ग्रंथ छापत आणि वाटत. छिंग काळात बंदी असलेली पुस्तकंही त्यांनी छापली. लेखक लू शुन त्यांना ‘खुळा जमीनदारपुत्र’ अशा अर्थाने म्हणत, आणि ती पुस्तकं मिळवायलाही धडपडत. ते ठसे आजही इथे आहेत. पुढे पैसा आटला आणि बरीच पुस्तकं विकावी लागली. 1951 मध्ये इमारत आणि उरलेला संग्रह त्यांनी झेजियांग ग्रंथालयाला देऊन टाकला.

पैसा का आटला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी रेशमाने चिनी रेशमाला मागे टाकलं. जपान्यांचा धागा यंत्रावरचा, एकसारखा. पुढे कृत्रिम रेशीम आलं, जागतिक मंदी आली. नोव्हेंबर 1937 मध्ये जपानी सैन्याने गावाचा मोठा भाग जाळला. फिरताना मध्येच सपाट, नव्या इमारतींची जागा लागली तर हे आठवा.

खरेदीबद्दल थोडं

रेशमी रजई घ्यायची असेल तर शिवण उघडून आतला पुंजका दाखवा म्हणा, चांगले दुकानदार दाखवतात. दोन-चार तंतू मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळून पाहा. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. पॉलिएस्टरचा धागा वितळून कडक मणी होतो. दुसरी घेण्याजोगी वस्तू म्हणजे हुझोऊचे कुंचले, याच तालुक्यातल्या शानल्येन गावचे, बहुतेक बकरीच्या केसांचे. सुलेखन करणाऱ्या कुणासाठी याहून चांगली भेट नाही.

शेवटची पायरी: संध्याकाळ

सहल-बस निघून गेल्या की बाय ज्येन लौला जा, ‘शंभर खोल्यांची माळ’. मिंग काळातले मंत्री दोंग फन यांनी घरच्या सेविकांसाठी ती बांधली असं मानतात. जवळजवळ 400 मीटर, कालव्याच्या वळणाबरोबर वळत गेलेली घरं, पुढे छपराखालचा सलग ओटा आणि मधूनमधून कमानी. आजही माणसं राहतात, विशेषतः म्हातारी. कुणाच्या दारात भाजी निवडणं चालू असतं, काठावर कपडे वाळत असतात. फोटो काढण्यापूर्वी मानेने विचारा. मुख्य ओट्यावरून चाला, दारातून आत डोकावू नका.

इथेच कुठेतरी चहा घ्या. नानशुनमध्ये पाहुण्याला तीन चहा देतात. पहिला गोड: भाताच्या पातळ पापडीवर साखर घालून कढत पाणी ओततात. दुसरा खारट: धुरावर वाळवलेले हिरवे सोयाबीनचे दाणे, संत्र्याची साल, तीळ आणि वाळवलेलं गाजर, त्यात चहाची पानं. पाणी पिऊन झालं की तळाचे दाणे खायचे असतात. पेला उपडा करून बुडाशी थाप मारली की ते तोंडाशी येतात. मला शेजारच्या बाकावरच्या आजींनी हे करून दाखवलं, आणि जमेपर्यंत दोनदा करायला लावलं. तिसरा साधा हिरवा चहा.

दुसऱ्या दिवशी शांघायला परतलात की बंड या नदीकाठच्या जुन्या रस्त्यावर, सुझोऊ खाडी जिथे ह्वांगफू नदीला मिळते तिथे, थोडा वेळ उभे राहा. कालव्यांवरून येणाऱ्या होड्या याच खाडीने शहरात शिरत. जीलीच्या लड्या इथे आगबोटीवर चढत.